टिनाखालची गरम हवा रात्रीच्या थंडीसाठी कशी वापरायची

विदर्भातल्या टिनाच्या घरात डिसेंबरच्या दुपारी माळ्यावर चढलं की दोन मिनिटांत घाम फुटतो. त्याच घरात पहाटे चारला दोन गोधड्या पुरत नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दरवर्षी इतकी थंडी पडत नाही, पण सात-आठ अंशांच्या रात्री आपल्याकडे नवीन नाहीत, आणि उघड्या शेतशिवारात त्या गावठाणापेक्षाही गार असतात. छताखाली अडकलेली दुपारची हवा खाली आणून कामाला लावता येते का, हा प्रश्न म्हणून साहजिक आहे.

येते. अमेरिकेत हे बऱ्याच वर्षांपासून करतात. तिथल्या उतरत्या छपरांच्या घरात माळ्यावर पंखा आणि पाण्याची गुंडाळी बसवतात. गरम हवा गुंडाळीवरून जाते आणि आतून फिरणारं पोहण्याच्या तलावाचं पाणी तापतं. काही ठिकाणी तीच हवा पाइपानं खोल्यांत सोडतात. त्यांची थंडी दिवसभर असते, त्यामुळे दुपारी मिळालेली ऊब दुपारीच कामी येते.

आपली अडचण वेगळी आहे. जानेवारीत आपल्याकडे दुपारी २८ अंश असतात. मी एका घरी ही कल्पना समजावून सांगत होतो, तर तिथल्या आजी म्हणाल्या, "दुपारी कोनाले थंडी वाजते बाप्पा? रातीची सोय सांग." त्या एका वाक्यात सगळी अडचण आली. गरम हवा मिळवणं सोपं आहे, ती रात्री नऊपर्यंत धरून ठेवणं अवघड. म्हणून या लेखात पंख्यापेक्षा ऊब साठवणाऱ्या गिट्टीवर, म्हणजे दगडाच्या खडीवर, जास्त लिहिलं आहे.

आधी घर बघा

टिनाचं छत आणि त्याखाली माळा किंवा सिलिंग असेल, तरच पुढे वाचा. सिलिंग सागवानी फळ्यांचं असो, पीव्हीसी पट्ट्यांचं असो की बांबूच्या ताटव्यांचं, टिन आणि सिलिंग यांच्यामध्ये हवा कोंडली गेली पाहिजे. कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात हे जमत नाही. कवेलूंच्या फटींतून हवा सतत निसटते, आणि त्या फटींमुळेच ते घर उन्हाळ्यात सुसह्य होतं. स्लॅबच्या घराला माळाच नाही. सिलिंग नसलेल्या टिनाच्या खोलीत फक्त दक्षिण उताराखाली, टिनापासून सहा इंच सोडून, प्लायवूडचं सिलिंग मारून घेता येतं. काम थोडं वाढतं, पण चालतं.

दक्षिण उतार म्हणायचं कारण असं की आपण २० ते २१ अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य डोक्यावर न येता दक्षिणेला साधारण ४५ अंशांवर असतो. आढं, म्हणजे छपराचे दोन उतार जिथे मिळतात ती वरची कड, पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेच्या उतारावर ऊन चांगलं बसतं. आढं उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी एक बाजू तापते, दुपारी दुसरी. तेही चालेल, जोर थोडा कमी मिळतो.

आता तीन घरं अशी, जिथे हे काम करूच नये.

पहिलं, सिमेंटच्या पत्र्यांचं घर. त्या पत्र्यांत बहुतेक वेळा ॲसबेस्टॉस असतं. पत्रा जुना झाला की त्याचे तंतू सुटतात आणि फुप्फुसांत जाऊन बसतात. तिथली हवा पंख्यानं ओढायची नाही, आणि पत्र्याला भोक पाडायचं तर मुळीच नाही.

दुसरं, माळ्यावर फवारणीची औषधं ठेवलेलं घर. पोरांचा हात पोचू नये म्हणून डबे वर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. गरम माळ्यावर त्या डब्यांची वाफ सुटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यामुळे हा धोका कुणाला समजावून सांगायची गरज नसावी. आधी औषधांना घराबाहेर कुलपाची पेटी करा, माळा झाडून-पुसून घ्या, काही आठवडे मोकळा राहू द्या, मग बघू.

तिसरं, भावाची वाट बघत कापूस भरून ठेवलेलं घर. कापसाच्या ढिगाशेजारी वायर, पंखा, ठिणगी यांतलं काहीच नको. कापूस विकला गेल्यावर कामाला लागा.

चूल आतल्या घरात असेल तर तिचा धूर माळ्यावर जातो. माळ्यावरून हवा ओढली की तोच धूर परत खाली येतो. चुलीला स्वतःचं धुराडं असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग मोजा

लांब वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. सेन्सर आढ्याखाली लटकवा, पण टिनाला टेकू देऊ नका. टेकला तर तो हवेचं न सांगता पत्र्याचं तापमान सांगेल आणि आकडा बघून तुम्ही उगाच खूश व्हाल. दुसरा थर्मामीटर खोलीत ठेवा. सकाळी दहापासून पाचपर्यंत दर तासाला दोन्ही आकडे वहीत लिहा. ढगाळ दिवसही त्यात येऊ द्या.

अकरा ते साडेतीनपर्यंत माळ्यावरची हवा खोलीपेक्षा निदान दहा-बारा अंशांनी गरम राहिली तर काम करण्यासारखं आहे. फरक पाच-सहा अंशांवरच अडकत असेल, तर हवा कुठून तरी पळते आहे. टिनाच्या नाळ्या आणि भिंत यांच्यामधल्या फटी, चिमण्यांनी मोकळी केलेली भोकं, आढ्यावरचा उचकटलेला पत्रा शोधा. फटी बुजवून परत मोजा. माझ्या मते या खटाटोपात खरी मेहनत इथेच करावी. फटी बुजवल्याचा फायदा कुठल्याही महागड्या पंख्यापेक्षा जास्त असतो.

हिशेब, एकदाच

हवा हलकी असते, त्यामुळे उष्णता फार कमी वाहून नेते. एक घनमीटर हवा एक अंशानं थंड झाली की जेमतेम १.१ किलोज्यूल देते. तेवढंच पाणी एक अंशानं थंड झालं की जवळजवळ ४,२०० किलोज्यूल देतं. म्हणून हवा भरपूर फिरवावी लागते. तासाला २५० घनमीटर हवा फिरवली आणि ती गिट्टीतून जाताना १२ अंशांनी थंड झाली, तर तासाला सुमारे ३,३०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या मोजणीत ०.९ युनिट उष्णता मिळते. चार तास चांगलं ऊन असेल तर साडेतीन युनिटच्या आसपास. त्यातलं वाटेत सांडतं, तेव्हा अडीच-तीन धरून चाला. पंखा ३५-४० वॅटचा असेल तर चार तासांत तो पाव युनिटही खात नाही.

तीन युनिट म्हणजे एक हजार वॅटचा हीटर तीन तास. त्यानं सगळं घर तापणार नाही, एका माणसाची रात्र मात्र सुखाची जाईल. म्हणून खोली तापवायच्या मागे न लागता अंथरूण तापवावं.

गरम ओटा

झोपायच्या खोलीत, शक्यतो आतल्या भिंतीला लागून, साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दीड फूट उंच ओटा बांधायचा. आत गिट्टी, वर फरशी. दुपारी माळ्यावरची हवा गिट्टीतून फिरते, रात्री त्यावर अंथरूण घालून झोपायचं. अशी गिट्टी वापरायची कल्पना जुनी आहे. जॉर्ज लॉफ नावाच्या अभियंत्यानं १९५७ च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हरला स्वतःच्या घरात गोट्यांतच सूर्याची उष्णता साठवली होती.

तळापासून सुरुवात करा. जमिनीवर दोन इंची थर्माकोल अंथरा आणि त्यावर पातळ कोबा करा. हे टाळलं तर बरीच ऊब जमिनीत जाते. ओटा बाहेरच्या भिंतीला लागूनच करावा लागत असेल तर त्या बाजूलाही थर्माकोल उभा लावा. थर्माकोलच्या जागी कुटार किंवा तणस भरू नका. उधई लागते, आणि एकदा लागली की ओटा फोडल्याशिवाय निघत नाही.

चारी बाजूंनी विटेची भिंत उचला. फ्लाय ॲशच्या विटा चालतात, कोराडी-चंद्रपूरच्या राखेमुळे त्या आपल्याकडे सगळीकडे मिळतात. आतमध्ये दोन्ही लांब भिंतींपासून चार बोटं सोडून वेल्डमेशची जाळी उभी करा आणि सळयांनी ती पक्की बांधा. गिट्टी या दोन जाळ्यांच्या मधे भरायची. जाळीच्या बाहेरची चार बोटं जागा मोकळी राहिली पाहिजे, कारण तीच हवेची वाट आहे. हवा एका बाजूच्या मोकळ्या जागेत शिरते, सगळ्या लांबीभर पसरते, गिट्टी आडवी ओलांडते आणि पलीकडच्या मोकळ्या जागेतून निघते. ओट्याच्या एका टोकातून हवा कोंबून दुसऱ्या टोकाला काढायला गेलात, तर तिला साडेसहा फूट गिट्टीतून वाट काढावी लागते आणि साधा पंखा तिथे हात टेकतो. आडव्या वाटेनं हे अंतर अडीच फुटांवर येतं. आत येणारा पाइप आणि बाहेर जाणारा पाइप समोरासमोरच्या कोपऱ्यांत, तिरप्या टोकांना ठेवा, नाहीतर हवा जवळची वाट धरेल आणि अर्धा ओटा गारच राहील.

गिट्टी ४० एमएमची घ्या. पाव ब्रासच्या (२५ घनफुटांच्या) आसपास लागते, वजन टनाच्या वर भरतं, म्हणून हा ओटा माडीवर बांधायचा विचार मनातही आणू नका. बारीक गिट्टी नको, तिच्यातून हवा जात नाही. क्रशरवरून आलेली गिट्टी भुकटीनं माखलेली असते, ती पाण्याखाली धुऊन दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून मजूर टाळाटाळ करतात, पण ओली गिट्टी भरली तर पहिला महिनाभर खोलीत कुबट वास येतो.

वर शहाबादी किंवा कडप्पा फरशी बसवा. सांधे सिमेंटनं नीट भरा, मग पंखा लावून उदबत्ती सांध्यावरून फिरवा. धूर हलला की तिथे गळती आहे.

तापलेला ओटा रात्री आठ-नऊला हाताला कोमट लागतो, त्यानं भाजत नाही. वर जाड गादी टाकली तर ऊब गादीखालीच राहते. त्यावर सतरंजी आणि पातळ गोधडी पुरे, आणि पांघरूण दोन्ही बाजूंनी ओट्याखालपर्यंत सोडा.

ज्यांना बांधकाम नको त्यांनी तेलाचे रिकामे पिपे पाण्यानं भरून खाटेखालच्या बंद पेटीत ठेवावेत. दहा पिप्यांत साधारण १५० लिटर पाणी मावतं. एकच मोठा ड्रम ठेवू नका. त्याचं अंग आतल्या पाण्याच्या मानानं कमी, त्यामुळे चार तासांत तो हवेकडून फारसं घेतच नाही. पिपे गंजतात, तेवढं लक्ष ठेवावं लागतं.

पाइप आणि पंखा

ओलिताचा १६० एमएमचा पीव्हीसी पाइप पुरतो. ११० एमएमचा घरी पडला आहे म्हणून तो लावू नका, हवा अडते. वरचं तोंड आढ्याच्या अगदी जवळ घ्या, सगळ्यात गरम हवा तिथेच असते. पाइप ओट्यात जातो. ओट्यातून निघालेला दुसरा पाइप परत माळ्यावर, पण खालच्या कडेला सोडा, म्हणजे तीच हवा पुन्हा तापून फिरते. अशा बंद फेऱ्यात माळ्यावरची धूळ आणि पाखरांची घाण खोलीत येत नाही. दोन्ही पाइपांना दर तीन-चार फुटांवर क्लॅम्प मारा, उन्हाळ्यात माळ्यावर पीव्हीसी मऊ पडून वाकतो. खोलीतून जाणाऱ्या पाइपाला फोम गुंडाळा.

पंखा खाली, ओट्यातून हवा बाहेर निघते त्या तोंडाशी बसवा. तिथली हवा त्यातल्या त्यात थंड असते, मोटार टिकते आणि दुरुस्तीला माळ्यावर चढावं लागत नाही. पाइपात बसणारा डक्ट फॅन मागा. त्यावर तासाला किती घनमीटर हवा फेकतो ते लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पाइप आणि गिट्टीमुळे त्याहून कमी मिळते, म्हणून ३५० ते ४०० चा घ्या. घरचा कूलर हिवाळ्यात रिकामाच असतो, त्याचाच पंखा लावू, असं सगळ्यांना सुचतं. कूलरचा पंखा मोकळ्यावर भरपूर वारा फेकतो, पण पाइपात रेटा द्यायला तो बनलेला नसतो. तो फक्त आवाज करेल.

लाइट जाण्याचा त्रास असलेल्या गावात छोटं सोलर पॅनल आणि १२ व्होल्टचा डी.सी. पंखा बॅटरीशिवाय थेट जोडणं सगळ्यात सोयीचं. ऊन असेल तेव्हाच पंखा फिरतो, ढग आला की थांबतो, संध्याकाळी आपोआप बंद. पॅनल मात्र वानरांच्या उड्या चुकवून बसवा. गावातल्या डिश अँटेनांचं काय होतं ते आपण बघतोच. घरच्या लाइनवर पंखा जोडणार असाल तर वायर कंड्यूटमधून न्या, वेगळा एमसीबी लावा आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

संध्याकाळची झडप

ही झडप विसरलात तर बाकी सगळं वाया. सूर्य कलल्यावर टिन झपाट्यानं थंड होतं. रात्री ते उघड्या आभाळाकडे उष्णता फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. पहाटे टिनाखालून थेंब गळतात ते त्यामुळेच. माळ्यावरची ती गार, जड हवा पाइपातून खाली उतरते आणि दुपारभर तापवलेला ओटा रात्रभर थंड करत बसते. म्हणून दोन्ही पाइपांत, हाताला येईल अशा उंचीवर, पत्र्याची फिरती झडप हवीच. चार-साडेचारला पंखा थांबला की झडप बंद. सकाळी दहाच्या आधी उघडू नका. दावणीची जनावरं बघायला जो संध्याकाळी उठतो, त्याच्याकडेच हे काम द्या.

आंघोळीचं पाणी

याला पंखाही लागत नाही. संत्र्याच्या बागेतून उरलेली १६ एमएमची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, ड्रिपर नसलेली, १०० मीटर घ्या आणि टिनाखाली वेटोळी करून टांगा. तिच्यात सुमारे १५ लिटर पाणी मावतं, म्हणजे लहान बादलीभर. वरच्या टाकीचं पाणी एका टोकानं सोडा, दुसरं टोक न्हाणीत. दुपारी तासाभरानं नळ सोडला की कोमट बादली मिळते, नळ बंद केला की पुढची तापायला लागते. या बादल्या झाकणाच्या, गोणपाटात गुंडाळलेल्या ड्रममध्ये साठवल्या तर संध्याकाळी शेतातून आलेल्याला पाणी तापवावं लागत नाही. पहाटेपर्यंत मात्र ते निवतं. पंपाचा दाब नळीवर देऊ नका, गरम नळी सांध्यातून निसटते. हे पाणी पिऊ नका. पैसे असतील तर सरळ सोलर वॉटर हीटर घ्यावा. ही जुगाड त्याची बरोबरी करत नाही.

पोहण्याच्या टाकीबद्दल शेतावर पर्यटकांची सोय करणारे विचारतात. सहा बाय चार मीटरच्या, चार फूट पाण्याच्या टाकीचं पाणी एक अंशानं वाढवायला ३३ युनिटच्या वर उष्णता लागते. आपला माळा दिवसाला तीन-चार देतो. टाकीवर रात्री झाकण टाका, त्यानं जास्त फरक पडेल.

मिरची

दुपारची ऊब दुपारीच वापरायची असेल तर वाळवणासारखं काम नाही. भिवापूरकडे मिरची तोडणी हिवाळ्यात चालते, दव पडायचा तोच काळ. रोज संध्याकाळी ताडपत्री, रोज सकाळी पसरणं. त्याऐवजी ओसरीत जाळीच्या चार ट्रेची लाकडी पेटी करा, खालून माळ्यावरची हवा सोडा आणि वरची ओलसर हवा पाइपानं घराबाहेर काढा. इथे बंद फेरा चालत नाही, ओल तशीच फिरत राहते. मिरचीचा रंग उन्हातल्यापेक्षा चांगला राहतो. उकडलेली हळद, वड्या, शेवया सगळं याच पेटीत वाळतं. सोयाबीनचं बियाणं वाळवताना पेटीत थर्मामीटर ठेवा आणि ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, उगवण बिघडते. आणि मिरचीचा पाइप ओट्याच्या पाइपाला कधीही जोडू नका. एका ठसक्यात सगळं घर अंगणात येईल.

मार्चमध्ये

होळी झाली की दोन्ही झडपा बंद करा आणि पाइपांच्या तोंडांना जाळीची टोपी घाला. उंदीर, विंचू आणि त्यांच्या मागे येणारा साप, सगळ्यांना गिट्टीतली सांदकोपऱ्यांची जागा आवडते. आढ्याजवळच्या दोन्ही टोकांची झरोक्याची दारं उघडा, म्हणजे मे महिन्याची वाफ वरच्या वर निघून जाईल. हिवाळ्यात जास्त तापावं म्हणून टिनाला काळा रंग देणारे आहेत. ४५ अंशांच्या गावात तो वेडेपणा आहे. उलट एप्रिलमध्ये टिनावर चुना मारा. पावसात तो बहुतेक धुऊन निघतो आणि हिवाळ्यापर्यंत टिन पुन्हा उघडं पडतं.

दिवाळीनंतर टोप्या काढा, पाइपात टॉर्च मारून आत कुणी बिऱ्हाड केलंय का बघा, झरोके लावून घ्या, आणि पहिले दोन दिवस खोलीची खिडकी उघडी ठेवून पंखा चालवा.